चहा झाला काय

दोन हजार बावीस सालचा माघ महिना. अकोल्यात, मोर्णा नदीच्या पुलापलीकडच्या एका गल्लीत गोदाबाईंनी पिकअपचं दार उघडून पाय खाली सोडला आणि जमीन त्यांच्या अंदाजाआधीच लागली. टाच आपटली. गाडी इतकी बसली होती.

“पाह्यलं?” स्टिअरिंगवर बसलेली आचल म्हणाली. “उतरायचीबी गरज नाही. दार उघडलं का तू आपोआप बाहेर.”

“माह्या गुडघ्याले बरं आहे ते,” गोदाबाई म्हणाल्या आणि टाच चोळत उभ्या राहिल्या.

गाडी नत्थुजींची, म्हणजे गोदाबाईंच्या नवऱ्याची, आचलच्या वडिलांची. पंचवीस वर्षांपूर्वी घेतलेली, चारही चाकांना जोर असलेली, मागं उघडा हौदा. गोदाबाई धारणीकडच्या एका उपकेंद्रात नर्स होत्या, तेव्हा नत्थुजी त्याच रस्त्यांवर ही गाडी चालवत. कधी किराणा, कधी सिमेंट, कधी लग्नाचं वऱ्हाड, आणि वेळ आली की गोदाबाईंच्या अडलेल्या बाया. नत्थुजी जाऊन पाच वर्षं झाली होती. तेव्हापासून गाडी दर्यापूरच्या घरामागं टिनाखाली उभी होती. आता ती आचलला हवी होती. आचल जनावरांची डॉक्टर. नोकरीचे दोन कागद आले होते ते तिनं पेटीत ठेवून दिले आणि मेळघाटातल्या गावांतून शेळ्यांसाठी फिरता दवाखाना चालवायचं ठरवलं. पण पहिल्याच खेपेला औषधांची पेटी, पाण्याची टाकी आणि लसींचा छोटा फ्रीज हौद्यात चढला, आणि गाडीचं पोट दगडांवर घासत गेलं. गाडी उचलल्याशिवाय इलाज नव्हता. आणि गाडीच्या कमानी, म्हणजे चाकांवरचे लोखंडी पाटे, उचलायच्या तर नबी कमानवाल्याकडेच, असं नत्थुजी नेहमी म्हणत.

नबी दुकानातून बाहेर आला. सत्तरीला टेकलेला, उंच, मेंदी लावलेली दाढी. त्यानं दोघींकडे पाहिलं नाही, गाडीकडेही पाहिलं नाही. मडगार्डवरून हात फिरवत मागच्या चाकापाशी गेला, उकिडवा बसला आणि आत हात घालून पाट्यांचा थर चाचपू लागला.

“नत्थुजीची गाडी,” तो म्हणाला.

“कशी ओळखली, चाचा?” आचलनं विचारलं.

“हा क्लिप माह्या हातचा आहे. आन् नत्थुजी कुठी आहे? बायांले पाठवून सोता चहा पीत बसला काय पुलावर?”

मग गोदाबाईंनीच सांगितलं. नबीचा हात तसाच आत, पाट्यांवर राहिला.

“मले कोणी सांगतलं नाही,” तो म्हणाला.

आचलनं मोबाइल पुढं केला. त्यात कुठल्या तरी वाळवंटात उंच उचललेली एक गाडी उड्या मारत होती. नबीनं मोबाइल हातात घेतला नाही.

“चष्मा घरात आहे. तू तोंडानं सांग.”

“सहा इंच उचलायची, चाचा.”

“सहा इंच? बेटा, गाडी उचलाची आहे का झाडावर चढवाची? घाटात वळणावर पालथी पडीन. चार बोटं देतो.”

“चार बोटं म्हणजे किती?”

नबीनं उजव्या हाताची चार बोटं जोडून टायरवर आडवी ठेवली. काळी, जाड, नखं घासून गेलेली बोटं. “एवढी. हे माह्या हाताचं माप आहे, तुह्या हाताचं नाही.”

“हेच माप लिहून देऊ काय कंपनीले?” आचल हसली.

“दे. म्हणा, नबीची बोटं पाठवतो पार्सलनं.”

गाडी जॅकवर चढली. देवमन नावाचा पन्नाशीचा घणवाला नबीकडे वीस वर्षांपासून होता. तो खाली सरकला, यू-बोल्ट सुटले आणि पाट्यांचे थर एकेक करून फरशीवर आले. नबीनं प्रत्येक पाट्यावरून अंगठा फिरवला. डाव्या अंगाच्या सगळ्यांत लांब पाट्यावर, टोकाच्या वळवलेल्या कानाजवळ, अंगठा थांबला.

“हा मेला. केसाएवढी भेग आहे. नवा कराचा.”

आचलनं डोळे बारीक करून पाहिलं. तिला भेग दिसायला मोबाइलची बत्ती लावावी लागली.

“मुख्य पाटा आहे हा,” नबी म्हणाला. “बाकीचे तुटले तं गाडी लंगडते. हा तुटला तं चाकच मागं सरकते. चाळीस वर्षं झाले, माह्या हातचा पाटा तुटून परत नाही आला.” बढाई नव्हती त्यात. माणूस आपला पत्ता सांगतो तसं त्यानं ते सांगितलं.

गोदाबाईंना चाक मागं सरकणं म्हणजे काय ते माहीत होतं. आचल तेव्हा सातवीत असेल. घटांगच्या उतारावर त्यांच्यापुढं एक जीप चालली होती, टपावरही माणसं. काडकन आवाज आला आणि ती जीप, चालवणारा उजवीकडे ओढत असताना, स्वतःच्या मनानं डावीकडे, दरीच्या अंगानं वळली. सागाचं एक झाड आडवं आलं म्हणून राहिली. गोदाबाईंनी नत्थुजींच्या धोतराच्या पट्ट्या फाडून सहा जणांना बांधलं होतं. त्या रस्त्यानं आता आचल दर आठवड्याला जाणार होती. बहुतेक वेळा एकटी.

दुकान म्हणजे पुढं टिनाची ओसरी, तिच्यात भट्टी, ऐरण आणि जळक्या तेलानं भरलेली लांबट टाकी. मागं एक खोली, तिच्यात घर. मधल्या उंबऱ्यावर नबीची बायको जहाँआरा सुपात तुरीची डाळ घेऊन बसलेली होती. तिनं गोदाबाईंना आपल्या बाजूला पाट दिला. दोघी बसल्या. बायका बसतात तसं आधी गुडघ्यांबद्दल बोलणं झालं, मग लेकरांबद्दल. जहाँआराचा मुलगा दानिश पुण्याला होता आणि त्याला लोखंडाचा वास सहन होत नव्हता. बोलता बोलता जहाँआराची नजर मात्र सुपावर नव्हती. डाळीतले खडे बोटांनाच कळत असावेत.

पहिला जुना पाटा भट्टीत गेला. ब्लोअर सुरू झाला, त्याच्या घरघरीत बोलणं ऐकू येईना. नबी मोठ्यानं आचलला समजावत होता. आचल मोबाइलवर सगळं टिपून घेत होती.

“याले मीटर नाही. संत्रं पाहाचं. लोखंड मृगाच्या संत्र्यावानी दिसलं का काढाचं आन् तेलात द्याचं. कच्चं काढलं तं पाटा नरम. आन् लिंबावानी पिवळं पडलं, फुलबाजी उडाली, तं मेला. मंग किती ठोका, किती तापवा. लोखंडाचा जीव जाते.”

मग तो आगीकडे तोंड करून उभा राहिला. थोड्या वेळानं मान न वळवता त्यानं हाक मारली,

“चहा झाला काय?”

“अजून नाही,” जहाँआरा म्हणाली.

गोदाबाईंनी आत नजर टाकली. गॅस बंद होता. त्यावर काहीच नव्हतं.

“चहा झाला काय?” थोड्या वेळानं पुन्हा.

“झाला.”

नबीनं सांडशीनं पाटा ओढला, साच्यावर ठेवून देवमनच्या मदतीनं बाक दिला आणि सळकन तेलात सोडला. धुराचा लोट उठला. चहा आला नाही.

दुपारपर्यंत हे तीन वेळा झालं. तीन वेळा त्या म्हाताऱ्यानं चहा विचारला, तीन वेळा बाईनं तोंडदेखलं ‘झाला’ म्हटलं आणि एकदाही कप बाहेर गेला नाही. गोदाबाईंना हे लागत चाललं. बाई बोलायला इतकी गोड, आणि आगीपुढं उभ्या असलेल्या नवऱ्याला घोटभर चहा देत नाही. त्यांच्या मनात नत्थुजी आले. नत्थुजींनाही दिवसाचे दहा चहा लागत आणि त्यांनीही त्यावरून कमी बोलणी खाल्ली नव्हती. असेल काही घरातलं, म्हणून गोदाबाई गप्प बसल्या.

नव्या पाट्याची पट्टी कापून झाली, कान वळवून झाले. आता तापवणं जेवणानंतर, असं नबी म्हणाला. जेवण झालं. आचल आणि देवमन उजव्या अंगाचा थर बसवायला गाडीखाली गेले. एवढ्यात गल्लीत आरडाओरड झाली.

“नळ आला! नळ!”

जहाँआरानं सूप बाजूला ठेवलं आणि दोन हंडे उचलले. “ताई, बसा जरा. पाच दिवसांनी आला. आत्ता येतो.” बोलताना घाईत ती स्वतःला ‘येतो’ म्हणाली, याचं गोदाबाईंना हसू आलं.

ती गेली आणि नबीनं, बहुधा हात रिकामे राहवेनात म्हणून, नवा पाटा भट्टीत घातला. ब्लोअर घरघरू लागला.

“चहा झाला काय?”

गोदाबाई एकट्याच उंबऱ्यावर होत्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग पदर खोचला आणि आत गेल्या. कोणाच्या घरात असं शिरू नये हे त्यांना कळत होतं, पण माणूस चौथ्यांदा चहा मागत होता. पातेलं समोरच होतं. पाणी, चहापत्ती, आल्याचा तुकडा. साखरेचा डबा काही सापडेना. एका बाटलीत गोळ्यांची पाकिटं होती. त्यांनी सवयीनं नाव वाचलं. साखरेच्या आजाराच्या. मग त्यांनी साखर शोधली नाही.

“चहा झाला काय?” बाहेरून पुन्हा आलं. या वेळी आवाजात घाई होती.

“होऊन राह्यला!” गोदाबाई ब्लोअरच्या वर आवाज काढून ओरडल्या. “दोन मिनिटं!”

दूध ओतलं. उकळी यायला वेळ लागला. दूध थंड होतं, गॅस मंद होता. उकळी वर आली तशी त्यांनी पातेलं उतरवलं आणि ओरडल्या,

“झाला, झाला!”

चार ग्लास भरून ताटलीत ठेवून त्या उंबऱ्यावर आल्या, तेव्हा नबी पाटा बाहेर ओढत होता. पाटा लिंबासारखा पिवळा होता. त्याच्या टोकाशी बारीक चांदण्या तडतडत उडत होत्या, दिवाळीत पोरं फुलबाजी धरतात तशा. नबीनं तो साच्यावर दाबला, बाक दिला आणि तेलात सोडला. ब्लोअर बंद केला. एकदम सगळं शांत झालं.

गोदाबाईंच्या हातात ताटली होती. याच माणसानं सकाळी सांगितलं होतं, लिंबू झालं की मेला. तीस वर्षं त्यांनी माणसांचे डोळे, जीभ, नखं बघून रोग ओळखले होते. मोबाइल न घेणारा हात. भेग शोधणारा अंगठा. बाटलीतल्या गोळ्या. आणि सकाळपासूनचा तो चहा, जो कधी गॅसवर चढलाच नव्हता.

गल्लीच्या तोंडाशी जहाँआरा उभी होती, कमरेवर हंडा. तिनं तेलातून उठणारा धूर पाहिला. मग गोदाबाईंच्या हातातले ग्लास पाहिले. हंड्यातलं पाणी तिच्या साडीवर सांडत होतं, तिनं तो सरळ केला नाही.

“घ्या,” नबी हात पुसत समाधानानं म्हणाला. “मुख्य पाटा झाला. आता थोडी हलकी आच दिली का बसवतो.”

आचल गाडीखालून बाहेर आली. “झाला? अरे यार, व्हिडिओ राहिला! चाचा, हे मी सगळ्यांना दाखवणार आहे. चाळीस वर्षांत एक पाटा परत नाही, असं लिहिणार आहे त्याच्याखाली.”

जहाँआराचे ओठ हलले. काय म्हणणार होती ती? गिऱ्हाइकाच्या देखत, देवमनच्या देखत, त्या पोरीच्या चालू मोबाइलपुढं? आणि काही बोललं नाही तर तो पाटा त्याच पोरीच्या गाडीखाली जाणार होता. जहाँआरानं हंडा खाली ठेवला, एक पाऊल पुढं टाकलं, आणि गोदाबाईंनी ताटली ऐरणीवर ठेवली. ग्लास खणखणले.

“नबीभाऊ, हा पाटा मले नको.”

“काहून, बाई?”

गोदाबाईंनी एकदा आचलकडे पाहिलं. नत्थुजींनी गाडीला बांधलेली लिंबू-मिरची तोडून मिरची भाजीत आणि लिंबू वरणात पिळणारी बाई म्हणजे गोदाबाई. बाळंतिणीच्या उशाखाली ठेवलेल्या विळ्यांवरून त्यांनी गावोगावच्या सासवांशी भांडणं केली होती.

“तुमी पाटा तेलात टाकला आन् मी शिंकले,” त्या म्हणाल्या.

आचल हसली. मग तिच्या लक्षात आलं की आई हसत नाहीये.

“आई?”

“शिंक झाली. हा नको. दुसरा करा.”

“आई, काय बोलून राहिली तू! नर्स होती तू!”

“नर्स शिंकत नाही काय?”

“चाचा, तुम्ही लक्ष नका देऊ,” आचलचा चेहरा लाल झाला होता. “बाबा गेल्यापासून हे असं... म्हणजे असं कधी नव्हतं, पण...”

“पुन्हा तापवतो याले,” नबी शांतपणे म्हणाला. “शिंक जळून जाईन.”

गोदाबाईंनी जहाँआराकडे पाहिलं. जहाँआरानं अगदी थोडी मान हलवली. नाही.

“नाही. हा पाटाच नको. दुसरी पट्टी घ्या.”

“आई, म्हणजे अख्खा दिवस गेला! कानापासून पुन्हा करावं लागेल त्यांना. शिंकेसाठी?”

“मंग जाऊ दे दिवस. गाडीत तू बसणार हायेस. मी शिंकले, मी सांगून राहिली. तुह्या बापाच्या गाडीत मी हा पाटा घालू देणार नाही.”

असा आवाज आचलनं आईकडून फार वर्षांत ऐकला नव्हता. उपकेंद्राच्या दारात दारू पिऊन आलेल्या नवऱ्यांना हाकलताना तो निघायचा. आचल बाहेर गेली आणि गल्लीत उभ्या असलेल्या संत्र्याच्या गाडीवर विनाकारण भाव करत बसली.

नबी ऐरणीकडे वळला. मग म्हणाला, “गिऱ्हाइकाचं मन. देवमन, दुसरी पट्टी काढ.” ऐरणीवरचा एक ग्लास चाचपून त्यानं उचलला, घोट घेतला आणि थांबला. “आज आलं घातलं,” तो म्हणाला.

दुपार कलल्यावर असरच्या नमाजाला नबी मशिदीत गेला. तो वळणाआड गेल्याबरोबर जहाँआरानं तेलातला पाटा ओढून काढला. देवमननं न सांगता त्याचं दुसरं टोक धरलं. दोन दगडांवर तो आडवा ठेवला आणि देवमननं घण उचलला. एकच घाव. पाट्याचे सरळ दोन तुकडे झाले, काकडी मोडावी तसे. गोदाबाईंनी वाकून तुटलेली बाजू पाहिली. आत दाणे चमकत होते, मोठे, खडीसाखरेसारखे.

घटांगचा उतार त्यांच्या डोळ्यांपुढून गेला. त्या तिथंच दगडावर बसल्या.

“माह्याच हातानं केलं असतं मी,” त्या म्हणाल्या. “चहाच्या पायी.”

देवमननं तुकडे उचलून भंगाराच्या ढिगाखाली सरकवले आणि बाहेर निघून गेला. सकाळपासून त्यानं एकदाही, चहा कुठं आहे, असं विचारलं नव्हतं, हे गोदाबाईंच्या तेव्हा ध्यानात आलं.

जहाँआरा ओला पदर पिळत होती.

“दोन वर्षं झाली, ताई. साखरेनं डोळ्यांचा पडदा खाल्ला. नागपूरला दाखवलं, लेझर झालं. आता आहे तेवढंच राहीन म्हणे. आग दिसते त्यायले, रंग नाही दिसत. एक दिवस असाच आवाज दिला, चहा झाला काय. मी म्हटलं, आत्ताच तं प्यायले. मंग भट्टीकडे पाह्यलं, पाटा कच्चा होता. म्हटलं, अजून नाही.” ती थांबली. “त्यायनं कधी सांगतलं नाही. मी कधी विचारलं नाही.”

“दानिशले माहीत आहे?”

“त्याले सांगतलं तं दुकान बंद करीन. दुकान बंद झालं तं हे काय करतीन?”

गोदाबाईंना पुष्कळ काही सांगायचं होतं. पायांना जखम होऊ देऊ नका, गोळ्या चुकवू नका, वगैरे. त्यांनी जहाँआराच्या हातातला पदराचा दुसरा शेव धरला आणि दोघींनी मिळून तो पिळला.

ऊन उतरता उतरता दुसरा पाटा भट्टीत गेला. दोघी उंबऱ्यावर बसल्या होत्या. गोदाबाईंनी तोंड घट्ट मिटून घेतलं होतं. आचल फुगून गाडीच्या हौद्यात बसली होती, संत्रं सोलत.

“चहा झाला काय?”

“अजून नाही.”

आग पांढरट घोंघावत होती. जहाँआराची बोटं सुपाच्या काठावर थांबलेली.

“चहा झाला काय?”

“अजून नाही.”

गोदाबाईंनी पाट्याकडे पाहिलं, मग आचलच्या हातातल्या संत्र्याकडे. आता दोन्हींत फार फरक राहिला नव्हता.

“झाला,” जहाँआरा म्हणाली.

गाडी जॅकवरून उतरली तेव्हा दिवे लागले होते. चार बोटं. नबीनं मागच्या चाकावर हात आडवा धरून मोजलं. आचलनं गाडी गल्लीतून पुढं नेली, मागं आणली, खड्ड्यातून मुद्दाम घातली. उतरली तेव्हा तिचा राग गेला होता.

“चाचा, मस्त! काहीच घासत नाही.”

गोदाबाई चढायला गेल्या तर पाय पुरेना. नबीनं देवमनला सांगून भंगारातला एक लाकडी ठोकळा आणवला, दाराखाली ठेवला आणि दार धरून उभा राहिला. आचल पलीकडून आत बसत होती, जहाँआरा तिला गुळाची ढेप देत होती.

“बाई,” नबी हळू म्हणाला. “पाटा तेलात जाते तवा ब्लोअर बंद असते. पुलावरची सायकलची घंटीबी ऐकू येते इथं.”

गोदाबाई ठोकळ्यावर एक पाय ठेवून थांबल्या.

“शिंक मले ऐकू नाही आली.”

“हळूच शिंकले मी,” गोदाबाई म्हणाल्या.

नबीनं मान हलवली. तो त्यांच्याकडे पाहत होता, पण नजर त्यांच्या कानाजवळून पलीकडे जात होती.

“हौ. तसंच असन,” तो म्हणाला. मग दार लावता लावता, “बरं झालं शिंकल्या.”

त्यालाही आता तीन वर्षं होऊन गेली. पुढच्या पावसाळ्यात नबीनं सांडशी देवमनच्या हातात दिली. दानिश येऊन दोन दिवस राहिला, दुकान विकायचं बोलला आणि तसाच परत गेला. रंग आता देवमन स्वतः बघतो. नबी स्टुलावर बसून असतो आणि बसल्या बसल्या आवाज देतो, चहा झाला काय. जहाँआरा आत जाते आणि चहा करून आणते. बिनसाखरेचा, आलं घालून. मागच्या ईदला तिनं फोनवर हे सांगितलं आणि दोघी बराच वेळ हसत राहिल्या.

ती गाडी अजून धारणीच्या रस्त्यावर आहे. आचलनं तिच्यावर हिरवा रंग दिला, बाजूला शेळीचं चित्र काढून घेतलं. उजव्या अंगाचा एक पाटा मध्ये बदलावा लागला. डाव्या अंगाचा मुख्य पाटा तोच आहे. लाकडी ठोकळा सीटखाली असतो, गोदाबाई सोबत असल्या की बाहेर निघतो.

शिंकेची गोष्ट आचल सगळ्यांना सांगते. मित्रांना, धारणीच्या डॉक्टरांना, लग्न ठरलं तेव्हा होणाऱ्या सासरच्या मंडळींनाही तिनं सांगितली. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढलेली आमची आई, एका शिंकेसाठी अख्खा पाटा फेकायला लावते. लोक हसतात. गोदाबाईही हसतात.

एकदाच, परवा, पाहुणे उठून गेल्यावर आचल कपबशा आवरता आवरता थांबली.

“आई, तू तेव्हा खरंच शिंकली होतीस?”

गोदाबाई ओसरीत पाय पसरून बसल्या होत्या. त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला.

“आत जाय,” त्या म्हणाल्या. “चहा झाला काय पाह्य.”